वरचं पाणी, खालचं पाणी

वायाळ मॅडम आमच्या ऑफिसात रुजू झाल्या त्याच दिवशी त्यांनी चहावरून आमच्या शिपायाला पकडलं.

आमचं ऑफिस म्हणजे तालुक्याच्या गावातली पाणी तपासायची प्रयोगशाळा. जुन्या सरकारी इमारतीतल्या अडीच खोल्या. गावोगावचं पाणी बाटल्यांतून यायचं, केमिस्ट ते तपासायचे आणि मी, म्हणजे लिपिक कुळकर्णी, खाली 'पिण्यास योग्य' किंवा 'पिण्यास अयोग्य' असं टाइप करून शिक्का मारायचो. आधीचे केमिस्ट बदलून गेले आणि त्यांच्या जागी ही पन्नाशी उलटलेली, बुटकी, सावळी, खांद्याला पिशवी अडकवलेली बाई आली. खुर्चीत बसायच्या आधी तिने चहाचा कप खिडकीच्या उजेडात धरला.

"या चहाचं पाणी नळाचं नाही," त्या म्हणाल्या. "बोअरचं आहे. पाहा, कसा काळा पडला."

रामदास शिपायाने आधी देवाची शपथ घेतली, मग कान खाजवला, मग कबूल केलं. रस्त्यापलीकडच्या नळापर्यंत जायचा कंटाळा येतो म्हणून तो शेजारच्या बोअरचं पाणी भरायचा. एक-दोन दिवस नाही, गेली सहा वर्षं. सहा वर्षं आम्ही लोकांचं पाणी तपासत होतो आणि आमच्या कपातलं कुणी पाहिलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या ऑफिसात ट्यूबलाइटसकट होता.

त्यांचं माहेर मलकापूरचं. वडील एका जिनिंगमध्ये कारकून होते, त्यामुळे माझ्या जातकुळीविषयी, म्हणजे कारकुनांविषयी, त्यांना जन्मापासून माहिती होती. वरिष्ठांशी त्या पुस्तकी मराठीत बोलत. आमच्याशी बोलताना पहिलं वाक्य शुद्ध, दुसरं थोडं सैल, आणि राग आला की मलकापूर थेट बाहेर यायचं. "कुळकर्णी, तुम्ही हे काय टाइप करून राह्यले? डोळे घरी ठिवले का?" असं ऐकू आलं की मी आधी कागद मागे घ्यायचो आणि मग काय चुकलं ते शोधायचो.

नाल्यावर गेल्या की चपला हातात, साडीचा घोळ कमरेला खोचलेला, आणि मनगटावर बांगड्यांच्या मागे तीन-चार रबर बँड, बाटल्यांना चिठ्ठ्या बांधायला. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची आणि चौथ्यांदा भरायची. हा नियम त्यांनी देवाच्या नियमासारखा पाळला. बाटली दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही, हा दुसरा.

पण मला त्यांचं सगळ्यात नवल वाटायचं ते त्या बायकांशी बोलायच्या त्याचं. पाण्याला यंत्र लावायच्या आधी त्या गावातल्या बायकांना विचारत, "डाळ शिजते का? साबणाले फेस येते का? भांड्याले पांढरा थर बसते का?" बायका भरभरून सांगायच्या. कुणाची तुरीची डाळ तीन शिट्ट्यांत शिजायची, कुणाची सात शिट्ट्यांनंतरही टणक. मॅडम ते वहीत पेन्सिलने लिहून घ्यायच्या आणि ऑफिसात आल्यावर पाण्याचा जडपणा मोजून त्याच्या शेजारी शाईने आकडा टाकायच्या. दोन्ही जुळलं की खूश. नाही जुळलं की डाळीवर अविश्वास दाखवायच्या नाहीत, तपासणी पुन्हा करायच्या.

"एकट्या आकड्याले काही अर्थ नसते," असं त्या म्हणत. नाल्याचं तर विशेषच. अमुक ठिकाणी घाण मिसळते अशी तक्रार आली, की त्या जागेच्या वरून एक बाटली आणि खालून एक. दोन्हींत फरक पडला तरच त्या जागेवर बोट ठेवायचं, नाहीतर नाही. मी एकदा म्हटलं, मॅडम, दुप्पट बाटल्या, दुप्पट टायपिंग, कशाला हा उपद्व्याप? तर म्हणाल्या, "सून घरात आल्यावर भांडणं सुरू झाली का आधीपासूनच होती, हे पाहावं लागते ना कुळकर्णी? नाही तं सगळा दोष सुनेवर." माझी आई आणि माझी बायको दोघींनाही त्या ओळखत होत्या, म्हणून मी पुढे काही बोललो नाही.

एकदा पावसाळ्यात बचत गटाची एक बाई दोन बस बदलून पाणी घेऊन आली. गावाच्या विहिरीचं. विहीर नाल्याकाठची, त्या दिवसांत पाणी चहासारखं गढूळ असायला हवं होतं. बाटलीतलं मात्र लख्ख. मॅडमनी तपासलं, पुन्हा तपासलं, कपाळाला आठ्या घातल्या. क्षारता जितकी हवी त्यापेक्षा कमी आणि सल्फेट जास्त. त्या बाहेर आल्या आणि बाकावर बसलेल्या बाईला म्हणाल्या, "माय, याच्यात तुरटी फिरवली का?"

बाई हरखली. "हाव मॅडम! आंधी फडक्यानं गाळलं, मंग रातभर तांब्याच्या गुंडीत ठिवलं, मंग तुरटी फिरवली. साहेबाच्या दारी गढूळ पानी कसं आनाव?"

बिचारीने पाहुण्याला द्यायचं तसं पाणी आणलं होतं. मी हसायला लागलो, तर मॅडमनी डोळे वटारले. त्या बाईला चहा दिला, नवी बाटली दिली, आणि दुसऱ्या दिवशी रामदासाला घेऊन स्वतः तिच्या गावी जाऊन पाणी भरून आणलं. परत येताना मात्र बसमध्ये एकट्याच हसत होत्या, असं रामदास सांगायचा. आपल्या लोकांचं हे फार आहे, त्या म्हणाल्या, चांगलं तेवढंच दाखवायचं. त्यापायी खरं कळत नाही.

हे इतकं कळणाऱ्या बाईनेच पुढे काय केलं, ते आता सांगतो.

बीबी गावाच्या पुढे आत एक लहान गाव आहे. नाव लिहीत नाही, आमच्या नात्यातली एक मुलगी तिथे दिलेली आहे. दिवाळीनंतर तिथल्या ग्रामपंचायतीचा अर्ज आला. नाल्यातले मासे मरून वर आले होते, आणि नाल्याकाठीच गावाची पिण्याची विहीर. कारणही अर्जातच लिहिलेलं होतं: गावातला एक म्हातारा, गुणाजी, नाल्यात अंबाडी कुजवतो, त्याने पाणी नासतं.

आजकाल नायलॉनच्या जमान्यात अंबाडी कोण कुजवतो? पण गुणाजीबाबा कुजवायचे. बांधावर अंबाडी लावायची, दिवाळीच्या सुमारास कापायची, पेंढ्या बांधून पाण्यात दगडाखाली पंधरा-वीस दिवस दाबून ठेवायच्या, मग साल सोलून वाख, म्हणजे दोराचा धागा, काढायचा आणि हिवाळा-उन्हाळा दोर वळायचे. पोळ्याला आजूबाजूच्या पाच-सहा गावांतले बैल त्यांच्या कासऱ्यांनी आणि वेसणींनी सजायचे. म्हातारा-म्हातारीचं वर्ष त्यावर निघायचं. कुजणारी अंबाडी पाण्यातला प्राणवायू खाते आणि वासही मारते, हेही खरंच. त्यामुळे मासे मेल्यावर सगळ्या गावाचं बोट एकदम तिकडे गेलं.

मॅडम गेल्या. मी बरोबर नव्हतो, झालं ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. सरपंचाच्या घरी फराळ झाला. सरपंचाची आई जुन्या वळणाची, फराळाला आलेली सवाष्ण रिकाम्या पदराने कशी जाऊ द्यायची? तिने मॅडमची ओटी भरली. खण, नारळ, पदरात ओंजळभर गहू. तसा भरला पदर धरून त्या नाल्यापर्यंत आल्या. समोर गुडघाभर चिखल.

"मॅडम, तुमी काऊन उतरता?" सरपंच म्हणाला. "ओटी भरेल हाये. आमी हावो ना." त्याने त्यांच्या हातातली बाटली घेतलीसुद्धा.

आणि त्यांनी ती घेऊ दिली. नोकरीत पहिल्यांदाच.

प्राणवायूची तपासणी जागेवरच सुरू करावी लागते. बाटलीत दोन औषधं घालायची; प्राणवायू असला तर तपकिरी साका बसतो, नसला तर पांढरा. सरपंचाने भरून आणलेल्या बाटलीत पांढराशुभ्र साका बसला. मॅडमनी विचारलं, कुठून भरली? "नाल्यातून, अजून कुठून?" वरचं पाणी? "वरचं बी असंच हाये जी." बीबीची शेवटची बस गाठायची होती. मॅडमनी दुसरी बाटली पिशवीतच ठेवली.

अहवाल मी टाइप केला. अंबाडी कुजवल्यामुळे पाण्यातील प्राणवायू नष्ट झाल्याचे दिसून येते. दोन बोटांनी, रेडिओवरची बातमी ऐकत ऐकत, शिक्का मारून मोकळा झालो.

महिन्याभराने एक म्हातारा ऑफिसच्या दारात उभा राहिला. धोतर, बंडी, हातात गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी. रामदासाने नाक दाबलं. म्हाताऱ्याने कुणाला न विचारता पिशवी मॅडमच्या टेबलावर उघडली. आत मासोळ्या होत्या. मेलेल्या, बोटाबोटाएवढ्या.

"म्या गुणाजी," तो म्हणाला. "तुमचा कागद आला अन् पंचायतीनं मले अंबाडी काढाले लावली. आज एकवीस रोज झाले, पान्यात माही एक काडी नाही. मंग काल ह्या काऊन मेल्या?"

मॅडमनी पिशवी जवळ ओढून मासोळ्या पाहिल्या.

"अन् माह्या अंबाडीच्या डोहाखाली नाही मेल्या. वर मेल्या. रपट्यापाशी, अर्धा कोस वर. पानी खालून वर जाते का बाई?"

"त्या दिवशी सरपंचांनी बाटली कुठून भरली होती?" मॅडमनी विचारलं. आवाज इतका हळू, की मला टायपिंग थांबवावं लागलं.

"माह्या डोहातून. पेंढ्याच्या मधातून. मी तिथंच उभा होतो. डोहाले म्या बांध घातला हाये जी, ते पानी नाल्यात जातच नाही. सांगनार होतो. मले कोनी इचारलंच नाही."

सरपंच खोटारडा नव्हता. त्याच्या लेखी डोहही नालाच. चूक त्याची नव्हती, आणि हे मॅडमना माझ्याआधी कळलं. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. संध्याकाळी दाराला कुलूप लावताना म्हणाल्या, "कुळकर्णी, मी फराळ करून आले अन् म्हाताऱ्याचं वर्ष बुडवून आले."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं भाड्याच्या जीपने निघालो. उजाडायला पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. तेव्हाचा आकडा चांगला निघाला तर कुणाला शंका घ्यायला जागा नको, म्हणून ही वेळ. थंडी मी म्हणत होती. मॅडमनी चपला माझ्या हातात दिल्या आणि मांडीपर्यंत पाण्यात उतरल्या. एक बाटली रपट्यापाशी, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलापाशी, एक डोहाच्या वर, एक डोहाच्या खाली. तिन्हींत तपकिरी साका बसला. पाण्यात प्राणवायू पुरेसा होता आणि रपट्यापाशी मासे तरीही मरून पडले होते.

रपट्यावर औषधाच्या रिकाम्या पुड्या आणि बाटल्या विखुरलेल्या होत्या. तूर फुलावर आलेली, सगळ्या गावाची फवारणी चाललेली, आणि घरी जाताना जो तो पाठीवरचा पंप रपट्यावर उतरवून नाल्यात धुवायचा. ते विष मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. मॅडमनी एक बाटली मोठ्या प्रयोगशाळेला पाठवली, पण जे मोजलं नाही ते अहवालात लिहिलं नाही. पंप नाल्यात धुऊ नयेत, अशी सूचना मात्र केली.

शेवटी अभिप्रायाच्या रकान्यात त्यांनी हाताने एक ओळ लिहून कागद माझ्यापुढे ठेवला: 'आधीच्या अहवालातील निष्कर्ष चुकीचा होता. ती चूक माझी आहे. श्री. गुणाजी यांचा दोष नाही.'

तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस मी. म्हटलं, मॅडम, 'चूक' नको, 'त्रुटी' लिहू. 'नजरचुकीने त्रुटी राहून गेली.' सरकारात असंच लिहितात. मॅडमनी आधीच कळवल्यामुळे वरिष्ठांचाही फोन येऊन गेला होता. पहिला कागद काढून घ्या, दुसरा लावा, कबुली कशाला? तुमच्या निवृत्तीला तीन महिने राहिले आहेत, पेन्शनचे कागद अडकतील.

"त्रुटी ऑफिसची असते," मॅडम म्हणाल्या. "ही माझी आहे. टाइप करा."

मी टाइप केलं. रेडिओ बंद होता.

ग्रामसभेत त्यांनी तो कागद उभं राहून वाचला. शाळेच्या पटांगणात शंभरेक माणसं असतील. चूक कबूल करणाऱ्या ओळीवर त्या अडखळल्या, मग त्यांनी ती ओळ पुन्हा, नीट वाचली. सरपंच उठला, डोक्यावरची टोपी हातात घेऊन म्हणाला, "मॅडम, बाटली म्या भरली होती."

"बाटली तुम्ही भरली. सही माझी आहे."

मागून एक जण ओरडला, "मंग पंप धुवाव कुठी?" मॅडम म्हणाल्या, वावरात धुवा, पाणी न्या सोबत. लोक कुरकुरले. शंभर जणांनी केलेली गोष्ट एकट्याच्या माथी मारलेली सगळ्यांनाच सोपी होती. परत घेताना जड गेली. पण ठराव झाला, आणि गुणाजीबाबांवरची बंदी उठली.

त्यानंतर आठच दिवसांत माझी मलकापूरला बदली झाली. मॅडम निवृत्त झाल्यावर मुलीकडे अकोल्याला गेल्या. त्यामुळे त्यांच्याबरोबर मी केलेला हा शेवटचा दौरा.

सभा संपल्यावर बस यायला वेळ होता. गुणाजीबाबा सभेत एक शब्द बोलले नव्हते. ते जवळ आले आणि म्हणाले, "घरी चला बाई. चहा घेऊन जा."

घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे अंगण. म्हातारीने अंगणातली चूल पेटवली. जळणाचा ढीग भिंतीला लावलेला होता, सरळसोट, काळपट काड्यांचा, पुरुषभर उंच. मी शहरी माणूस, मला वाटलं तुरीच्या वाळल्या काड्या, तुराट्या असतील. म्हातारी एकेक काडी गुडघ्यावर मोडून चुलीत घालत होती. मॅडम त्या ढिगाकडे पाहत होत्या.

"ही तीच का?" त्यांनी विचारलं.

"हाव," गुणाजीबाबा म्हणाले. "अर्धी कुजेल काढली ना. पुन्हा पान्यात घातली तरी वाख येत नाही. तरी म्या आपली घालून पाह्यली."

मॅडमनी ढिगातली एक काडी ओढली. नखाने साल सोलायला लागल्या. बोटभर निघाली आणि तुटली. दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला, पुन्हा तुटली. गुणाजीबाबांनी पाहिलं, पण त्यांना थांबवलं नाही. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. दुसऱ्याचं दुःख पाहणं एक वेळ जमतं, इतक्या सरळ माणसाची शरम पाहवत नाही.

चहा झाला. म्हातारीने कप आणून दिले. मॅडमनी कप शेजारी ठेवला आणि म्हणाल्या, "बाबा, माझ्यामुळे तुमचं वर्ष गेलं."

मला वाटलं, म्हातारा म्हणेल, असू द्या बाई, होते असं. आपल्याकडे असंच म्हणतात.

"हाव," गुणाजीबाबा म्हणाले. "गेलं."

मग त्यांनी बशीत चहा ओतला आणि प्यायला लागले. मॅडमनी मान हलवली, दोनदा, आपलं माप कुणी बरोबर सांगितलं की हलवतात तशी. इतक्यात म्हातारीने काडीसाठी हात पुढे केला, चूल विझत आली होती, दुसरं आधण ठेवायचं होतं. मॅडमनी काडी तिच्या हातात दिली नाही. त्या उठल्या, चुलीपाशी उकिडव्या बसल्या, ती काडी मोडली आणि स्वतःच्या हाताने आत सारली. कोरडी अंबाडी ती, लगेच पेटली.